शीग बंद झाली: इमॉकलीच्या शेतमजुरांची तीस वर्षं

१९९०च्या दशकात फ्लोरिडातल्या इमॉकली गावात पहाटे चार-साडेचारला एका दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत शेकडो मजूर येऊन उभे राहत. कुणी मेक्सिकोच्या वाहाका-चियापासमधले, कुणी ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातले माया आदिवासी, कुणी हैतीचे. शाळेच्या जुन्या बसगाड्या नवा रंग चढवून तिथे लागत. मुकादम ज्याला चढ म्हणेल त्याला त्या दिवसाचं काम, बाकीच्यांनी परत फिरायचं. आणि परतायचं ते एखाद्या मोडक्या ट्रेलरमध्ये, जिथे आठ-दहा जण मिळून भाडं भरत. याच जिल्ह्यात तासाभराच्या अंतरावर नेपल्स आहे. तिथल्या समुद्रकाठच्या वस्त्या अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या वस्त्यांमध्ये मोडतात.

हिवाळ्यात अमेरिकेतच पिकणारा बहुतेक ताजा टोमॅटो फ्लोरिडातून येतो. तो हिरवा असतानाच तोडतात, आणि तोडतात तो हातानेच. एक बादली म्हणजे ३२ पौंड, साधारण साडेचौदा किलो. ती खांद्यावर घेऊन पळायचं, ट्रकवर उभ्या असलेल्या माणसाकडे वर फेकायची, त्याच्याकडून एक बिल्ला घ्यायचा आणि पुन्हा सरीत धावायचं. १९८०च्या सुमारास एका बादलीला ४० सेंट मिळत, पंचवीस वर्षांनी ४५. किमान वेतनाइतकी कमाई करायला दिवसाला दोन टनांहून अधिक माल तोडावा लागे. वर आणखी एक दंडक होता. बादली काठापर्यंत भरून चालत नसे, तिच्यावर शीग लागायची. शीग नसली तर ट्रकवरचा माणूस बिल्ला देत नसे. दर दहा बादल्यांमागे जवळजवळ एक बादली मजूर फुकट तोडत होता. हा चोरटा हिशोब कुठल्याच कागदावर नव्हता. मजुरांना मात्र तो रोज खांद्यावर जाणवत होता.

या माणसांना कायद्याचाही आधार नव्हता. संघटना करण्याचा हक्क देणारा अमेरिकेतला कामगार कायदा १९३५चा, आणि शेतमजुरांना त्यातून तेव्हाच वगळलेलं. अनेकांकडे वास्तव्याचे कागदपत्र नव्हते. तोंड उघडलं की ‘इमिग्रेशनवाल्यांना बोलावतो’ ही धमकी तयार असे.

१९९३मध्ये काही मजूर गावातल्या कॅथलिक चर्चने दिलेल्या खोलीत दर आठवड्याला जमू लागले. कोअलिशन ऑफ इमॉकली वर्कर्स या संघटनेची ही सुरुवात. जमलेल्यांपैकी काही जण हैती, ग्वाटेमाला, मेक्सिकोतल्या शेतकरी चळवळींमधून तावूनसुलाखून आलेले होते. कोणी बाहेरून येऊन आपला उद्धार करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अडचण भाषेची होती. स्पॅनिश, हैतीची क्रेओल आणि कितीतरी माया बोली एकाच खोलीत, त्यातून अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून चर्चा चित्रांवरून होई, छोट्या नाटुकल्यांवरून होई. मुकादम, जमीनमालक आणि मजूर यांचं एखादं साधं चित्र भिंतीवर लावायचं आणि विचारायचं, ‘यात काय दिसतं? असं का?’ पुढे संघटनेचं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र आलं, रेडिओ कोन्सिएन्सिया. त्यावर मजूरच गाणी लावतात आणि मजूरच हक्कांची माहिती सांगतात. संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांचं मानधन शेतमजुराच्या कमाईच्या पातळीवर ठेवलेलं, आणि त्यांतले अनेक जण कलिंगडाच्या हंगामात तोडणीला जात. माझ्या मते या संघटनेचं बळ समजून घ्यायचं तर याच नियमापासून सुरुवात करावी लागते. नेता आणि मजूर यांच्यात अंतर पडू द्यायचं नाही, हे तिथे कार्यकर्त्यांच्या कमाईतच बांधून टाकलं होतं.

१९९५मध्ये मजुरी कापण्याची घोषणा झाली, तेव्हा तीन हजारांहून अधिक मजुरांनी काम बंद केलं आणि कपात मागे घ्यायला लावली. पुढच्या वर्षी शेतात पाणी प्यायला थांबलेल्या एका किशोरवयीन मुलाला मुकादमाने मारहाण केली. तो रक्ताने माखलेला सदरा घेऊन संघटनेच्या दारात आला. त्या रात्री सुमारे पाचशे लोक तो सदरा झेंड्यासारखा धरून मुकादमाच्या घरावर चालून गेले. एकाला मारलं म्हणजे सगळ्यांना मारलं, ही त्यांची घोषणा होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या बसमध्ये कुणी चढलं नाही. तोवर इमॉकलीत मारहाण ही कामाचाच भाग समजली जाई. त्या रात्रीनंतर मुकादमांना वचक बसला.

जमीनमालक मात्र बोलायलाच तयार नव्हते. १९९७च्या डिसेंबरात सहा मजुरांनी उपोषण धरलं. तीस दिवसांनी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने ते सुटलं. चर्चा का नको, असं विचारल्यावर एका मालकाने दिलेलं उत्तर इमॉकलीत आजही सांगतात: शेती कशी करावी हे ट्रॅक्टर शेतकऱ्याला सांगत नसतो. २००० साली मजूर फोर्ट मायर्सहून ऑरलँडोपर्यंत दोनशेहून अधिक मैल चालत गेले. सोबत स्वातंत्र्यदेवतेचा एक पुतळा होता. ही देवता सावळी होती आणि तिच्या हातात टोमॅटोची बादली होती. तो पुतळा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

थोडीफार वाढ मिळाली, पण मालकांचं एक म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्यावरही भावाचा दाब होता. मग बुधवारच्या बैठकांमध्ये प्रश्न बदलला. आपण तोडलेला टोमॅटो शेवटी जातो कुठे? उत्तर होतं, मोठमोठ्या फास्टफूड कंपन्यांकडे आणि सुपरमार्केटांकडे. त्या इतका प्रचंड माल उचलतात की भाव त्याच ठरवतात, आणि मालक तो तोटा मजुरीतून भरून काढतात. शेतातल्या गरिबीचं मूळ शेताबाहेर आहे, हे बादल्या उचलणाऱ्या माणसांनी स्वतः शोधून काढलं. अर्थशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाइतकं ते स्पष्ट होतं. संघटनेच्या आजवरच्या वाटचालीत मला ही घडी सगळ्यांत मोलाची वाटते.

त्यांनी टाको बेल या फास्टफूड कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. एप्रिल २००१मध्ये बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती: एका पौंडामागे एक सेंट जादा द्या आणि तो थेट मजुराच्या हातात पडू द्या. विद्यार्थी पुढे आले. वीसहून अधिक शाळा-कॉलेजांनी टाको बेलला आवारातून हटवलं किंवा येऊच दिलं नाही. २००३मध्ये कॅलिफोर्नियात कंपनीच्या मुख्यालयासमोर दहा दिवसांचं उपोषण झालं. अखेर ८ मार्च २००५ला टाको बेलच्या मालक कंपनीने सही केली. २००७मध्ये मॅकडोनाल्ड्स आली. बर्गर किंगच्या बाबतीत तर विद्यार्थी गटात हेर घुसवण्याचा प्रयत्न झाला. तो उघडकीला आल्यावर २००८मध्ये तिनेही सही केली.

दरम्यान मोठ्या उत्पादकांच्या संघाने आपल्या सभासदांना बजावलं की या करारात भाग घ्याल तर एक लाख डॉलर दंड. त्यामुळे कंपन्यांनी भरलेला जादा सेंट बँकेत अडकून पडला. मजुराच्या नावाचा पैसा जमा होत होता आणि मजुराला मिळत नव्हता.

याच काळात दुसरं एक काम चालू होतं, जास्त अंधारातलं. संघटनेने वेठबिगारीची प्रकरणं शोधून काढायला सुरुवात केली होती. १९९७च्या एका खटल्यात चारशेहून अधिक मजुरांना बंदुकीच्या धाकावर राबवणाऱ्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. २००७च्या नोव्हेंबरात इमॉकलीतच कुलूपबंद ट्रकच्या छताजवळची झडप फोडून काही मजूर बाहेर पडले. त्यांना कर्जात अडकवून, रात्री डांबून, साखळदंड घालून राबवलं जात होतं. उचल कधी फिटतच नाही अशी व्यवस्था काय असते, हे आपल्या ऊसतोड टोळ्यांना वेगळं सांगायला नको. अशा खटल्यांतून मिळून हजाराहून अधिक मजूर सुटले. सिनेटर बर्नी सँडर्स जानेवारी २००८मध्ये इमॉकलीला येऊन गेले आणि एप्रिलमध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली.

नोव्हेंबर २०१०मध्ये उत्पादकांचा संघ वाकला. या करारांवर उभा राहिलेला फेअर फूड कार्यक्रम फ्लोरिडाच्या जवळजवळ संपूर्ण टोमॅटो उद्योगात लागू झाला. देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, आणि त्याची धुरा न्यूयॉर्कच्या निवृत्त न्यायाधीश लॉरा सेफर एस्पिनोझा यांच्याकडे गेली. नियम मजुरांनी लिहिले होते, म्हणून ते शेताच्या मापाचे होते. सावली हवी. प्यायचं पाणी आणि शौचालय हवं. तास मोजायला घड्याळ हवं. बाईमाणसाच्या अंगाला हात लावणाऱ्या मुकादमाची नोकरी जाणार. तक्रार केली म्हणून कुणाला काढायचं नाही, आणि चोवीस तास चालणाऱ्या फोनवर तक्रार घेताना कागदपत्रं विचारायची नाहीत. वेठबिगारी आढळली तर त्या शेतमालकाचा माल करारातली एकही कंपनी घेणार नाही. मजुरांना हक्कांची माहिती कामाच्या वेळात, पगारी तासांत, मजूरच देतात.

आणि शीग बंद झाली. भरलेल्या बादलीचं चित्रच ठरवून दिलं: काठापर्यंत, वर नाही. बाहेरून पाहणाऱ्या तज्ज्ञाने नियमावली केली असती तर पाणी, सावली, पगार हे सगळं त्यात आलं असतं. ही एक ओळ आली नसती.

पुढची वर्षं वेगाने गेली. २०१४मध्ये वॉलमार्टने सही केली. २०१५पासून कार्यक्रम अटलांटिक किनाऱ्यावरच्या इतर राज्यांत गेला. व्हरमाँटच्या दूध डेऱ्यांवरच्या मजुरांनी याच धर्तीवर करार लिहिला, आणि २०१७मध्ये बेन अँड जेरीज आईस्क्रीम कंपनीने तो मान्य केला. भारतीय वंशाचे दिग्दर्शक संजय रावल यांनी २०१४मध्ये ‘फूड चेन्स’ हा माहितीपट काढला, तो याच लढ्यावर.

लढा अजून चालू आहे. मार्च २०२३मध्ये मजूर पाहोकीहून पाम बीचपर्यंत पाच दिवस चालत गेले. फास्टफूडवाली वेंडीज आणि क्रोगर व फ्लोरिडातलीच पब्लिक्स ही सुपरमार्केटं यांनी अजून सही केलेली नव्हती. पाहोकीची निवड मुद्दाम केली होती. तिथल्या एका छावणीतून गाडीच्या डिकीत लपून पळालेल्या मजुरांमुळे वेठबिगारीचा आणखी एक खटला उभा राहिला होता. ती माणसं रीतसर हंगामी व्हिसावर आलेली होती. कागदपत्रं असली म्हणून माणूस सुरक्षित होत नाही, हे त्या खटल्यात दिसलं. त्याच वर्षी फ्लोरिडाने कागदपत्रं नसलेल्या कामगारांविरुद्ध कडक कायदा केला. २०२४मध्ये आणखी एक कायदा आला: उन्हात राबणाऱ्यांच्या संरक्षणासाठी शहरांनी किंवा जिल्ह्यांनी स्वतःचे नियम करायचे नाहीत. ज्या राज्यात उन्हाळ्यात अंगाची लाही होते, तिथे हे कायदेशीरपणे ठरलं याचा मला राग येतो.

फेअर फूडच्या शेतांमध्ये मात्र उन्हाळी महिन्यांत दर दोन तासांनी दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती २०२१पासून नियमात आहे. ती मिळाली नाही तर कुठे फोन करायचा, तो नंबर छापलेली पुस्तिका नव्या मजुराला कामावर घेतानाच हातात देतात.