रोजच्या वापरासाठी ‘पद्मिनी’

परवडणारी, तरीही स्वतःचा तोरा असलेली जुनी मोटार हवी, तर गिरगाव-दादरकराची नजर अखेर प्रीमियर पद्मिनीवरच स्थिरावते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती तयार होत असे. मूळ फियाट ११००. ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकातले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला ती मुदत लागू नाही. पंधरा वर्षांनंतर मात्र तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते.

म्हणूनच रंगाला भुलण्याआधी कागद पाहावेत. चासी व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळायलाच हवेत. गालिचा उचलून तळाचा पत्रा तपासावा. मुंबईच्या खाऱ्या हवेत तोच आधी सडतो. १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे, ते दुरुस्त होते. सडलेला सांगाडा खिसा रिकामा करतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. ब्रेक ड्रमचे असल्याने लालबागचा उड्डाणपूल उतरताना पुढच्या गाडीपासून अंतर राखलेले बरे. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस आणि चोरबाजार गाठावा.

आणि ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मोह टाळावा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ती पन्नास वर्षांवरील गाड्यांनाच मिळते आणि अशी गाडी रोज कचेरीला नेता येत नाही.