पोवळ्याचं दुखणं

आमच्या घरात पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीतला लाल खडा. त्यामुळे मी इथे अमेरिकेत खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत पोवळी पाळतो, हे मावशीला अजून पटलेलं नाही. "दगड कसले पाळतोस रे?" असं ती फोनवर विचारते. तर मावशी, गेल्या महिन्यात त्यातला एक दगड आजारी पडला.

अ‍ॅक्रोपोरा जातीचं झुडूप बुडापासून पांढरं पडायला लागलं. पोवळ्याचं मांस म्हणजे सांगाड्यावरचा जेमतेम पापुद्रा. तो गेला की खाली नुसता चुना. मी लगेच "आरटीएन" म्हणून मोकळा झालो. रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, म्हणजे मांस भराभर मरतंय. अहो, ते तर दिसतंच होतं! कशाने मरतंय, हे त्या नावात कुठे आहे? पण नाव मिळालं की निदान झाल्यासारखं वाटतं, आणि मी टाकीत प्रतिजैविक ओतायच्या बेतात होतो. त्याने पाणी शुद्ध ठेवणारे चांगले जंतूही मेले असते.

त्या रात्री जुनं काय काय वाचत बसलो. ही खोड माझ्या एकट्याची नाही म्हणायची. १९७३ साली अँटोनियस या संशोधकाने बेलिझ आणि बर्म्युडाच्या पोवळ्यांवर सरकत जाणारा काळा पट्टा नोंदवला. नाव पडलं 'काळा पट्टा'. त्याच दशकात 'पांढरा प्लेग' आला, 'पांढरा पट्टा' आला. सगळी नावं पाणबुड्याच्या डोळ्यांनी ठेवलेली.

१९९६ मध्ये फ्लॉरिडात की वेस्टजवळ पांढरे डाग दिसले, त्याला म्हणाले 'पांढऱ्या देवी'. इथे मात्र गुन्हेगार सापडला. २००२ साली सेरेशिया मार्सेसन्स या जंतूवर बोट ठेवलं गेलं आणि २०११ साली सिद्ध झालं की माणसाच्या सांडपाण्यातला जंतू निरोगी पोवळ्याला हा रोग देऊ शकतो. आपल्या मोरीतलं पाणी समुद्रातल्या पोवळ्याला देवी आणतं! पण पुढच्या वर्षांत तशाच डागांमध्ये हा जंतू मिळेनासा झाला. डाग तेच, कारण दुसरं. डोळ्यांनी ठेवलेल्या नावाचं हे असं होतं.

थिअरी वर्क आणि ग्रेटा एबी यांनी २००६ मध्ये सांगितलं, की रोगाचं नाव घ्यायची घाई नको. आधी दिसतं ते लिहा. मांस गेलंय, रंग बदललाय की वाढ विचित्र झालीय? बुडाशी की टोकाशी? कड सरळ की दातेरी? (आमच्या गावचे वैद्य नाडी धरण्याआधी असेच प्रश्न विचारायचे.) २०१४ साली मायामीजवळ सुरू झालेल्या आणि वीसहून जास्त जातींना झोडपणाऱ्या साथीचं नाव बघा: 'कठीण पोवळ्यांचा मांस जाण्याचा रोग'. अमॉक्सिसिलिनचा लेप लावला की बऱ्याचदा थांबतो, पण कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. निदान नाव तरी प्रामाणिक आहे.

असो. मीही वही घेतली. 'मांस गेलंय. बुडापासून. वर फिकट गोल चट्टे.' गोल? मग भिंग आणि टॉर्च घेऊन उघड्या सांगाड्यावर शोधलं, तर तपकिरी अंड्यांचे पुंजके! रोग नव्हताच. पोवळं खाणारा चपटा कृमी होता, रंगाने थेट पोवळ्यासारखा. छंदिष्टांना तो बराच आधी माहीत होता, शास्त्रीय नाव मिळालं २०११ साली.

पाच झुडपं होती, औषधाच्या पाण्यात बुडवून दोन वाचली. त्या औषधाने अंडी मरत नाहीत आणि ती फुटायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून रोज रात्री भिंग घेऊन बसतो. आज सोळावा दिवस.