सोण थेरांची वीणा आणि संग्रहालयातील नाद

विनयपिटकाच्या महावग्गात आणि अंगुत्तर निकायात सोण कोळिविस यांची कथा आली आहे. राजगृहाजवळील सीतवनात त्यांनी असे कठोर परिश्रम केले, की चंक्रमण करताना पायांतून रक्त वाहू लागले. तरीही चित्त विमुक्त होईना. घरी परतण्याचा विचार त्यांच्या मनात आला. गृहस्थाश्रमात ते वीणावादनात कुशल होते. म्हणून भगवंतांनी त्यांना वीणेचाच दृष्टान्त दिला. अति ताणलेली तार सुस्वर वाजत नाही, अति सैल तारही वाजत नाही. वीर्याची समता साधून सोण पुढे अर्हत झाले.

ही कथा ऐकताना आपल्यासमोर कोणती वीणा उभी राहते? बहुधा भोपळ्याची, लांब दांडीची आणि पडद्यांची. परंतु भारहूत, सांची व अमरावती येथील शिल्पांत दिसणारी वीणा निराळी आहे. तिची दांडी धनुष्यासारखी वाकलेली असून, दांडीपासून खालच्या पोकळ नादपेटीपर्यंत तारा ओढलेल्या आहेत. प्राचीन वीणा ही अशी धनुराकृती होती, हे आनंद कुमारस्वामी यांनी 1930 साली साधार मांडले. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या नाण्यांवरही हेच वाद्य आहे. पुढे ते भारतीय संगीतातून जवळजवळ लोपले. म्यानमारमध्ये मात्र 'सौंग' या नावाने त्याचे भावंड आजही वाजते.

हा भेद केवळ आकाराचा नाही. पडद्यांच्या वीणेत एकाच तारेवर बोट सरकवून अनेक स्वर काढता येतात. धनुराकृती वीणेत मुख्यतः प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार असते. एक तार बिघडली की तो स्वरच बिघडतो. अशा वाद्यात तार लावणे हीच पहिली साधना होय. वाद्याचे रूप हरवल्यामुळे दृष्टान्ताची धारही बोथट झाली आहे.

भारहूतचा कठडा कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. पण दगडातील वीणा मुकी आहे. येथे आभासी वास्तवाचे तंत्र उपयोगी पडू शकते. चीनमधील दुनहुआंग येथे 2023 पासून मोगाव लेण्यांतील क्रमांक 285 ची गुंफा या तंत्राने प्रेक्षकांना जवळून पाहता येऊ लागली. या गुंफेत इ. स. 538 व 539 चे लेख असून भिंतीवर वाद्ये वाजविणाऱ्या उडत्या अप्सरा चित्रित आहेत. त्याच रीतीने भारहूतच्या वीणेची प्रतिकृती प्रेक्षकापुढे उभी करता येईल. त्याने हाताने तार ताणावी, सैल करावी आणि कानांनी समता ओळखावी.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ऐकविला जाणारा नाद शिल्प, ग्रंथ आणि सौंगसारखी जिवंत वाद्ये यांवरून केलेले अनुमानच असेल. ते अनुमान आहे, असे संग्रहालयाने प्रेक्षकास स्पष्ट सांगितले पाहिजे. अन्यथा एका चुकीच्या वीणेच्या जागी दुसरी चुकीची वीणा रूढ होईल. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, ही कालामांना दिलेली शिकवण नव्या यंत्रालाही लागू आहे. तंत्राचा मोह अति ताणू नये, त्याविषयीची उदासीनताही अति सैल ठेवू नये.