विनानावाच्या थडग्यातील गोलरक्षक

इतिहास माणसे विसरतो, असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक इतिहास लिहिणारे काही माणसांना वगळत असतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव काळ्यांच्या लढ्याकडून घेतले. काळ्या माणसाचा इतिहास आपल्याला परका नाही. म्हणून आर्थर व्हार्टन या गोलरक्षकाचे आयुष्य आपण तपासून पाहिले पाहिजे.

व्हार्टनचा जन्म १८६५ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात झाला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. धर्मकार्याच्या शिक्षणासाठी तो इंग्लंडला आला आणि मैदानात रमला. जुलै १८८६ मध्ये त्याने लंडनला शंभर यार्ड दहा सेकंदांत धावून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढील वर्षी ते राखलेही. १८८७ साली एफ. ए. कपच्या उपांत्य फेरीत पोचलेल्या प्रेस्टन नॉर्थ एंडचा तो गोलरक्षक होता. त्या काळी धावून येणारे खेळाडू गोलरक्षकाला खांद्याची धडक देऊन चेंडूसकट गोलात लोटू शकत. अशा जागी उभे राहायला धाडस लागे.

इतके असूनही इंग्लंडच्या संघात त्याला कधीच स्थान मिळाले नाही. अशा वगळण्याची कारणे कुणी कागदावर लिहून ठेवत नसतो. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर बाळू पालवणकरांनी हिंदू संघाला बळी मिळवून दिले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले; पण संघाचे कर्णधारपद मात्र त्यांच्या जातीपाशी येऊन अडले. हाताचे कसब हवे, त्या हाताचा अधिकार नको, ही रीत दोन्हीकडे एकच.

१८८९ साली व्हार्टन रॉदरहॅम टाउनकडे पगारी खेळाडू झाला. पुढे शेफील्ड युनायटेड, स्टेलीब्रिज, ॲश्टन, स्टॉकपोर्ट अशी गावोगावची रोजंदारी. मध्यंतरी पब चालवला, तंबाखूचे दुकान काढले. १९०२ मध्ये खेळ संपला. मग यॉर्कशायरच्या कोळसा खाणीत मजुरी. शरीर थकले की मालकाला त्याची गरज उरत नाही. खेळाडूही शेवटी श्रमिकच असतो.

१३ डिसेंबर १९३० रोजी दारिद्र्यात त्याचा अंत झाला. त्याच दिवसांत लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न मांडत होते. दोघांची भेट झालेली नाही. पण टाळ्यांनी माणूसपण मिळत नाही, त्यासाठी हक्कच लागतात, हे बाबासाहेब जे सांगत होते त्याचा पुरावा त्याच देशातील एका खाणगावात मातीआड जात होता.

व्हार्टनच्या थडग्यावर सदुसष्ट वर्षे नावाचा दगड नव्हता. वर्णद्वेषाविरुद्ध झगडणाऱ्या शेफील्डच्या कार्यकर्त्यांनी खटपट करून १९९७ मध्ये तो बसवला. मानसन्मान त्यानंतर आले. २०१४ मध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. क्रम ध्यानात घ्यावा: आधी चळवळ, मग स्मारक.

आपल्या वस्त्यांतही पैलवान होते, कबड्डीपटू होते, ढोलकीवर गाव डोलवणारे कलावंत होते. त्यांच्या नावाचे दगड कोण बसवणार? विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन म्हाताऱ्यांपुढे बसावे, शिक्षकांनी त्या नोंदी जपाव्यात. आपण लिहिले नाही, तर वगळणारे पुन्हा वगळतील.