तोफनळीची मध्यरेषा

तोफेच्या किंवा बंदुकीच्या नळीतील पोकळीच्या मधोमध जाणारी कल्पित रेषा. ही रेषा सरळ असणे आणि नळीच्या बाह्यांगाच्या मध्यरेषेशी जुळणे, ही चांगल्या नळीची पहिली अट होय. बाहेरून घोटीव व देखण्या नळीतही पोकळी एका बाजूस सरकलेली असू शकते. अशा नळीचा नेम चुकतो आणि पातळ राहिलेली बाजू फुटण्याचा धोका असतो. म्हणून नळीची परीक्षा आतून करावी लागते.

घडण : दख्खनमध्ये मोठ्या तोफा मुख्यतः दोन रीतींनी घडवत. बांगडी तोफेत लांब लोखंडी पट्ट्या शेजारी-शेजारी जुळवून नळी करत व तिच्यावर तापवलेली कडी चढवत. निवताना कडी आवळून पट्ट्या घट्ट धरीत. ओतीव तोफेसाठी मातीचा साचा करून त्याच्या मधोमध गजावर लिंपलेला मातीचा गाभा उभा करत. साचा व गाभा यांमधल्या जागेत वितळलेला धातू ओतला जाई आणि नंतर गाभा फोडून काढला, की पोकळी तयार होई. धातूच्या रेट्याने गाभा जरासा कलला, तरी तो कल तोफेत कायमचा राही.

मुलूखमैदान : मुहंमद रूमी या ओताऱ्याने १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ही निजामशाही तोफ पुढे धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्यावर होती. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. तेथे ती शेरझा बुरुजावर आहे. तिची लांबी सुमारे ४.४ मी., बाहेरचा व्यास सुमारे १.५ मी., तोंडाशी पोकळीचा व्यास सुमारे ७१ सेंमी. आणि वजन सुमारे ५५ टन आहे. या मापांनुसार तोंडाशी धातूची जाडी चहूबाजूंनी ३९ ते ४० सेंमी. भरते. एवढ्या तोफेत गाभा २ सेंमी. सरकला, तर एका बाजूची जाडी २ सेंमी.ने घटते, समोरची तितकीच वाढते आणि दोन्हींत ४ सेंमी.चा फरक पडतो.

तपासणी : आरशाने सूर्यप्रकाश नळीत टाकून भेगा, खड्डे व धातूतील पोकळ्या पाहत. पोकळीच्या मापाची गोल चकती लांब दांड्यावर बसवून तोंडातून तळापर्यंत सरकवली जाई. ती अडली तर पोकळी वाकडी किंवा अरुंद आहे असे ठरे. जाडी मोजण्यासाठी एक सरळ पट्टी पोकळीच्या भिंतीलगत व तिला समांतर दुसरी बाहेर धरून त्यांमधले अंतर घेत. हे माप वर, खाली व दोन्ही बाजूंस सारखे आले, तर पोकळी मधोमध असे. शेवटी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून तोफ डागून पाहत.

यांत्रिक उपाय : अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या जाँ मारित्झने तोफ भरीव ओतून नंतर कोरण्याची पद्धत रूढ केली. आडव्या यंत्रात बरमा न फिरता तोफच फिरे. त्यामुळे पोकळी तोफेच्या मध्यरेषेवरच पडे आणि गाभा सरकण्याचा प्रश्नच उरला नाही.

रायफल व ध्वनिरोधक : रायफलच्या नळीत सरळ कडेची सावली पाडून ती पाहण्याची जुनी रीत आहे; सावलीची कड मोडलेली दिसली, की त्या जागी नळी वाकलेली असते. नळीच्या तोंडावर ध्वनिरोधक बसवल्यास मध्यरेषा अधिकच काटेकोर जुळावी लागते, कारण त्यातील पडद्यांची छिद्रे गोळीपेक्षा थोडीच मोठी असतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्राच्या व्याख्येतच ध्वनिरोधक येतो. तपासणीआधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतात. मग पोकळीत चपखल बसणारा, तंतोतंत सरळ पोलादी गज नळीतून ध्वनिरोधकाच्या तोंडापर्यंत नेऊन त्याच्याभोवतीची फट पाहतात. फट सर्व बाजूंनी सारखी हवी. गज एका कडेला झुकला असेल, तर गोळी पडद्याला घासून ध्वनिरोधक फुटू शकतो. तिरके आटे, नळीच्या तोंडाजवळची मध्यरेषेशी काटकोनात नसलेली बैठक किंवा तिच्यावर साचलेली काजळी ही याची नेहमीची कारणे आहेत. काजळी पुसून, ध्वनिरोधक पुन्हा आवळून तपासणी करतात. दोष तरीही राहिला, तर आटे किंवा बैठक कारखान्यात दुरुस्त होईपर्यंत ते शस्त्र डागत नाहीत.