जुनी मिल, सोलापूर : गिरणी नेमकी कोणाची?

१/ सोलापुरात 'जुनी मिल कंपाऊंड, मुरारजी पेठ' असा पत्ता आजही लिहिला जातो. पत्ता शोधत जाणाऱ्याला तेथे घरे आणि दुकाने दिसतात. गिरणी मात्र नावापुरती उरली आहे. ही गिरणी बंद पडण्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात दोन खटले झाले आणि पुढे राज्यघटना बदलली. जुन्या वास्तू पाडण्याच्या आजच्या वादांचे मूळ समजून घेण्यासाठी हा थ्रेड.

२/ १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि येथील कापूस बाजार मुंबईशी जोडला गेला. मुंबईचे गिरणीमालक शेठ मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. ही शहरातील पहिली कापड गिरणी. मुरारजी पेठेला नाव त्यांचेच.

३/ पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि पहिली ती 'जुनी' ठरली. या नावात मोडकळीचा अर्थ नाही, ज्येष्ठतेचा आहे. दुष्काळी गावांतून आलेल्या माणसांना तिने रोजगार दिला. भोंग्याच्या आवाजावर अर्ध्या शहराचा दिवस सुरू होत असे.

४/ २७ जुलै १९४९ रोजी संचालकांनी गिरणी बंद करण्याची नोटीस लावली, आणि बरोबर एका महिन्याने, २७ ऑगस्टला, ती बंद झाली. हजारो हातांचे काम गेले. मालकाने स्वतःची मालमत्ता बंद ठेवायचे ठरवले, तर त्याला कोण विचारणार? हा प्रश्न प्रथमच एवढ्या तीव्रतेने समोर आला.

५/ ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक अवतरण्याच्या अवघे १७ दिवस आधी, केंद्राने केवळ या एका कंपनीसाठी अध्यादेश काढला. गैरव्यवस्थापनामुळे अत्यावश्यक मालाचे उत्पादन घटले असून बेकारी वाढली आहे, असे कारण त्यात दिले होते. संचालक मंडळ दूर झाले आणि सरकारने नेमलेले संचालक कारभार पाहू लागले. पुढे याच आशयाचा कायदाही झाला.

६/ चिरंजित लाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. देशात इतक्या कंपन्या असता एकट्या सोलापूरच्या गिरणीसाठी कायदा का? समतेचे कलम १४ कुठे गेले? ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने याचिका फेटाळली गेली. परिस्थिती खरोखर विशेष असेल, तर एकच कंपनीसुद्धा स्वतंत्र 'वर्ग' ठरू शकते. कायदा वैध आहे असे गृहीत धरावे आणि तो अवैध असल्याचे आव्हान देणाऱ्याने सिद्ध करावे, हे तत्त्व येथे मांडले गेले. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात.

७/ परंतु प्रकरण संपले नव्हते. सरकारनियुक्त संचालकांनी अग्रहक्क भागधारकांकडे भागांची उर्वरित रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९५३ रोजी निकाल फिरला : भरपाई न देता कंपनीचा ताबा घेणे म्हणजे मालमत्ता हिरावणे होय, म्हणून अध्यादेश घटनाबाह्य.

८/ संसदेचे उत्तर १९५५ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीतून आले. सार्वजनिक हितासाठी अथवा योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळापुरता मालमत्तेचा कारभार हाती घेण्याचा अधिकार कलम ३१-क मध्ये समाविष्ट झाला. तो आजही तेथे आहे.

९/ आता या इतिहासातील उणीव पाहा. हा सारा वाद यंत्रे, भाग आणि कारभार यांचा होता. जमिनीचा विचार कोणी केला नव्हता, कारण गिरणीची किंमत तेव्हा तिच्या चात्यांत आणि मागांत होती. गिरण्या कायमच्या थंडावल्या, शहरे वाढली, आणि मोल उलटले : छपराखालच्या यंत्रांपेक्षा पायाखालची जमीन महाग झाली. मग वास्तू पाडून तेथे घरे, दुकाने आणि कार्यालये एकत्र उभारणे हाच फायद्याचा व्यवहार ठरला.

१०/ या जमिनीच्या वाटपाचा नियम मुंबईत १९९१ मध्ये आला : विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८. गिरणी पाडून जागा विकसित केल्यास ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९५० च्या प्रश्नाला मिळालेले हे जमिनीवरचे उत्तर होते. नियम मात्र मुंबईपुरता होता.

११/ २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटप केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. इमारत पाडल्याने मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांच्या अर्थाने शहराचा वाटा कमालीचा आक्रसला.

१२/ म्हणजे पाडकाम ही केवळ गवंड्या-मजुरांची बाब नाही. वास्तू कधी पाडली, त्या दिवशी कोणता नियम लागू होता, आणि जागेवर कोणाचा हक्क नोंदलेला होता, यावर पुढच्या पिढीला बाग मिळते की कुंपण, हे ठरते.

१३/ सोलापूरचेच दुसरे उदाहरण घ्या. अप्पासाहेब वारद यांचा इंद्रभुवन हा वाडा टिकला, कारण महापालिकेच्या कारभाराचे तेथे बस्तान बसले. नवा उपयोग मिळाला आणि वास्तू जगली. गिरणीच्या उंच, प्रकाशमान शेडनाही असा उपयोग सापडू शकतो. मुंबईत फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, तरी धुराडे उभे आहे. अर्थात धुराडे राखले म्हणजे कामगाराचा वाटा राखला, असे मात्र होत नाही.

१४/ आपल्या शहरातील एखादी बंद गिरणी पाडली जाणार असेल, तर छायाचित्रे अवश्य काढा. पण त्याबरोबर मालमत्तेचा उतारा, विकास आराखडा आणि लागू असलेला नियमही वाचा. तेथे काम केलेली माणसे हयात असतील, तर त्यांच्या आठवणी लिहून घ्या. जुन्या मिलचा न्यायालयीन इतिहास आपल्याला मिळतो, कारण तिच्या भागधारकांनी खटले लढवले. कामगारांची बाजू त्या निकालपत्रांत 'बेकारी' या एका शब्दात उरली आहे.