कॅव्हेंडिशचा बुडबुडा

‘प्रकल्पासाठी विषय सुचवा,’ असे विद्यार्थी म्हणतात, तेव्हा आपण ‘प्रदूषण’, ‘ऊर्जा’ अशी मोठाली नावे सांगून मोकळे होतो. ही झाली क्षेत्रांची नावे. संशोधनाचा विषय म्हणजे एक नेमका प्रश्न. तो कसा घडतो, हे अरगॉनच्या शोधाच्या इतिहासात पाहता येते.

इंग्लंडमधील लॉर्ड रॅले वायूंच्या घनता मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन मार्गांनी मिळवला. एकदा हवेतील ऑक्सिजन तापलेल्या तांब्याने काढून घेतला. दुसऱ्यांदा हवा व अमोनिया यांच्या मिश्रणातून नायट्रोजन बनवला. दुसरा नायट्रोजन सुमारे एक हजारांशाने हलका भरला! एवढासा फरक आपण ‘प्रायोगिक चूक’ म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी उलट तो वाढवून पाहिला. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातलाच. फरक दोनशेत एक झाला. आता प्रश्न नेमका झाला : हवेतला नायट्रोजन जड का?

सप्टेंबर १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून, आपण गोंधळलो आहोत असे मोकळेपणाने सांगितले आणि रसायनतज्ज्ञांची मदत मागितली. तेवढ्याने कोडे सुटले नाही. पण शोध घेताना एक जुना निबंध पुढे आला. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच प्रश्न पडला होता : हवेतील हा भाग एकजिनसी आहे का? त्यांनी हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या, तयार झालेले वायू अल्कलीत शोषून घेतले, उरलेला ऑक्सिजनही काढला. शेवटी एक बारीक बुडबुडा उरला. तो मूळ भागाच्या १/१२० हून अधिक नव्हता, अशी नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली.

रॅले यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. विल्यम रॅमसे यांनी तापलेल्या मॅग्नेशियमने नायट्रोजन शोषला. दोघांनाही तोच जड वायू मिळाला. ऑगस्ट १८९४ मध्ये त्यांनी नव्या वायूची घोषणा केली. तोच अरगॉन. १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे, तर रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तो बुडबुडा १०९ वर्षे छापील पानावर पडून होता. वाचणारे असतीलच, पण प्रश्न घेऊन वाचणारा हवा होता. म्हणून विद्यार्थ्याला ग्रंथालयात पाठवण्याआधी विचारू या : तुझ्या मोजमापात न जुळणारे काय आहे?